चौकातला दानशूर

आपल्या नवऱ्याचा चेहरा दहा फूट रुंद होऊ शकतो, हे नंदिनीला मंगळवारी सकाळी साडेनऊला चौकात कळलं. ती स्कुटीवर होती. पायाशी उद्याच्या खिरीच्या सामानाची पिशवी, तोंडाला दुपट्टा, आणि मे महिन्याचं ऊन साडेनऊलाच असं पेटलेलं की डोळे किलकिले केल्याशिवाय रस्ता दिसत नव्हता. वळणावर तिनं मान वर केली, तर विजेच्या दोन खांबांमध्ये अंकुश हसत होता. वर्षापूर्वी गेलेला माणूस भर चौकात एवढा मोठा होऊन हसायला लागला तर बाईला रडू यायला हवं, निदान लोकांची तशी अपेक्षा असते. नंदिनीला राग आला. फोटो कुठल्याशा लग्नातला होता आणि त्यात ती अंकुशच्या शेजारी उभी होती. फ्लेक्सवाल्यानं तिला कापून काढलं होतं, पण हात आखडता घेऊन, त्यामुळे अंकुशच्या डाव्या दंडाला चिकटून निळ्या साडीतला एक खांदा तेवढा उरला होता. ना मुंडकं, ना हात. तिनं गाडी बाजूला घेतली, पाय टेकले आणि मजकूर वाचायला घेतला. प्रथम स्मृतिदिनी विनम्र अभिवादन. दानशूर, सिनेमाप्रेमी, मित्रांचा मित्र, स्मृतिशेष अंकुश दादाजी सोमकुवर, ज्यांनी आपल्या घरच्या सर्व्हरवरून त्रेसष्ट घरांना चार हजार सिनेमे मोफत दाखविले. आणि त्याखाली लाल अक्षरांत : सेवा अखंड सुरू आहे. संपर्क, नंदिनीवहिनी. पुढे तिचा मोबाईल नंबर, दहाच्या दहा आकडे बरोबर. तळाला मित्रपरिवाराचे अकरा गोल चेहरे, त्यातले नऊ गॉगलमध्ये. तिनं ते दोनदा वाचलं. आज चार वाजता तिच्या घरी पोलीस येणार होता.

पोलीस येणार होता तो पकडायला नव्हे, तर तिला नोकरी द्यायची की नाही ते बघायला. अंकुश सरकारी कचेरीत लिपिक होता. खुर्चीत बसल्या बसल्याच गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नंदिनीनं अर्ज केला. लोकांचे अर्ज दहा-दहा वर्षं पडून राहतात. या वर्षी भरती मोठी निघाली आणि हिचं नाव यादीत वर आलं. मूलबाळ नाही, माहेरी भाऊ नाही, वय एक्केचाळीस, भाड्याचं घर. पदवी होती, पण पदवीवर वीस वर्षांची बुरशी चढलेली. या एका कागदावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं आणि त्या कागदाला आता एवढंच हवं होतं : चारित्र्य पडताळणी. काल संध्याकाळी शिपायाचा फोन आला होता. चार वाजता येतो ताई, घरीच राहा. तो येणार म्हणजे या चौकातूनच येणार, कारण तिच्या गल्लीला दुसरं तोंडच नव्हतं. चारित्र्य शोधत येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दहा फुटांचा कबुलीजबाब टांगून ठेवलेला, खाली आरोपीचं नाव आणि नंबर. एखाद्या शत्रूनं रात्र रात्र जागून काढली असती तरी त्याला हे सुचलं नसतं. त्यासाठी जिवाभावाचा मित्रच लागतो.

तो मित्र समोरच्या पानठेल्यावर उभा होता आणि आपल्या कामाकडे डोळे भरून बघत होता. धम्मानंद. अंकुशचा बालमित्र, मिहानच्या उद्योगवसाहतीत एका गोदामात सुपरवायझर. कुठल्याही कार्यक्रमात माईक दिसला की हा आपोआप त्याच्याकडे ओढला जायचा. तिला बघून त्यानं तोंडातला खर्रा घाईघाईनं थुंकला आणि चेहरा दुःखी केला. त्याला हे पटकन जमायचं.

“धम्माभाऊ, हे काय लावलं?”

“काय म्हणजे? उद्या स्मृतिदिन नाही का अंकुशचा? पोट्टे म्हणे छोटा लावू. मी म्हटलं, नाही, अंकुशचा आहे त मोठाच पायजे.”

“माहा नंबर काहून टाकला?”

“लोक विचारून राहिले ना वहिनी. घर कोणाचं? तुमचं. मशीन कोणाची? तुमची. मग नंबर का माहा टाकू?”

“अकरा घरं होते. हे त्रेसष्ट कुठून आले?”

धम्मानंदनं या प्रश्नाला लाजल्यासारखं केलं, जणू त्याचं कौतुक झालं होतं. “वाढवले थोडे थोडे. पासवर्ड होता ना अंकुशनं देऊन ठेवलेला. कोणाले नाही म्हणायचं? दान आहे गा ते वहिनी.”

“ते दान नाही, गुन्हा आहे. दुसऱ्यानं बनवलेले सिनेमे असे वाटता येत नाही. मी वकिलाले विचारलं.”

“कायचा गुन्हा?” धम्मानंदचा आवाज चढला, पण तिच्यासाठी नव्हे, ठेल्यावरच्या इतर तिघांसाठी. “एक रुपया घेतला का अंकुशनं कोणाचा? मले सांगा, मी तुमच्या घरी येऊन सिनेमा पाहिला त गुन्हा होते का? नाही होत. मग तोच सिनेमा माह्या घरी बसून पाहिला त काय झालं? तारच लांबली ना फक्त!”

तिघे हसले. एकानं मान डोलावली. तारच लांबली, हे त्यांना एकदम पटलं होतं. नंदिनीला वाटलं, याचं तोंड बंद करणारं एक वाक्य आपल्याजवळ आहे. ती म्हणाली, “उद्या वंदनेत दुसरं शील घ्याल ना धम्माभाऊ? जे कोणी दिलं नाही ते घेणार नाही म्हणून? तेव्हा या बॅनरकडं पाहून घ्याल का पाठ करून?” त्यानं ठेल्यावरच्या तिघांकडे पाहिलं. मग म्हणाला, “पण घेतलं कोणाचं? ज्याचा सिनेमा त्याच्याजवळ हायेच ना अजून.” तिचा राग आणखी वाढला. आज चार वाजता पोलीस येतोय, तेवढ्यापुरतं तरी उतरवा, असं ती म्हणाली. विनवण्या केल्यासारखा आवाज निघाला, तोही तिला आवडला नाही. धम्मानंद तिच्याकडे असं बघू लागला, जणू हिचं दुःखानं डोकं फिरलंय. “स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी फोटो उतरवू? लोक काय म्हणतीन? तुम्ही टेन्शन नका घेऊ. शिपाई आला त मले फोन करा. आपलाच माणूस असन.”

घरापर्यंतच्या दोन मिनिटांत तिचा फोन तीनदा वाजला. पहिला म्हणाला, दीदी, वो कनेक्शन कैसे मिलेगा. दुसऱ्यानं तिच्या आवाजावरून ती कस्टमर केअर असल्याचं ठरवलं. तिसऱ्याला आपल्या बायकोसाठी मालिका हव्या होत्या, सिनेमे नको होते. फोन गप्प करून तिनं पिशवी स्वयंपाकघरात टाकली आणि ती आतल्या छोट्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. कपाटाच्या खालच्या फळीवर ते काळं खोकं घुमत होतं. एक जुना कॉम्प्युटर, त्यात चार डिस्का. सीताबर्डीच्या बाजारातून जुना माल आणून अंकुशनं तो जोडला होता. आधी स्वतः विकत घेतलेल्या सीड्या त्यात भरल्या, मग मित्रांच्या, मग कुठून कुठून उतरवून घेतलेलं सगळं. मित्राच्या टीव्हीत एक ॲप टाकायचं, पासवर्ड द्यायचा, की मित्राला घरबसल्या सिनेमा. एवढंच. यात वाईट ते काय, असं अंकुशही म्हणायचा. खिडकीत लोखंडी कूलर होता, घरातला एकुलता एक. ते नागपूरचं ऊन आणि त्यात ते तापणारं यंत्र. मग मे महिना लागला की अंकुश कूलर ओढत या खोलीत आणायचा, आणि नवरा-बायको बाहेरच्या खोलीत ओल्या चादरी पांघरून झोपायचे. झोपायचे म्हणजे तो झोपायचा. ती भिंतीपलीकडचा कूलर ऐकत पडायची. पाणी त्यातलं तीच भरायची, सकाळ-संध्याकाळ सहा-सहा बादल्या. लग्नाच्या अकराव्या वर्षी डॉक्टरनं आता आशा सोडा म्हटलं, त्याच उन्हाळ्यात ही मशीन घरात आली होती. सासूबाई गावाकडून, पारशिवनीहून आल्या की खोलीत डोकावून म्हणायच्या, कसं आहे वं अंकुशचं लेकरू? त्या थट्टा करत होत्या की आणखी काही, ते नंदिनीला कधी नीट समजलं नाही. ती मुकाट्यानं बादली उचलायची.

आणि तो गेल्यावर चौथ्या दिवशी हाच धम्मानंद आला होता. खाली मान घालून अर्धा तास बसला. पाणी प्यायला. जाता जाता उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, वहिनी, वाईट नका मानू, पण ती मशीन एकदा बंद करून चालू कराल का, रविवारपासून काही लागूनच नाही राहिलं. तिनं केली. का केली, हे तिनं स्वतःला वर्षभरात शंभरदा विचारलं होतं. त्या दिवशी घरात अंकुशच्या चपला होत्या, दाढीचं सामान होतं, पण आवाज करणारं असं त्याचं काही नव्हतं, आणि खोकं घुमायला लागल्यावर घर जरा भरल्यासारखं वाटलं. एवढंच खरं कारण होतं. त्या आवाजासाठी तिनं वर्षभर बिल भरलं, धूळ पुसली आणि या मेमध्येही कूलर आतच ठेवून स्वतः घामात झोपली. मित्रांना मात्र वाटलं, वहिनी सेवा चालवून राहिल्या. एकानं सणाला मिठाई पाठवली होती. दुसऱ्यानं मध्यरात्री मेसेज केला होता, वहिनी अमुक सिनेमाचा आवाज मागंपुढं होतो. बाकी वर्षभरात तिच्या दारात कुणी आलं नाही.

महिन्यापूर्वी यादीत नाव आल्यावर ती रामदासपेठेत शामलाकडे गेली होती. शामला तिची शाळेतली मैत्रीण, आता वकील. अर्ज बघून झाल्यावर बोलता बोलता नंदिनीनं मशीनचं काढलं, हसत हसत, आपल्या घरातली एक गंमत म्हणून. शामला हसली नव्हती. “घरात बसून तू काय पाहते ते कोणी पाहायले येत नाही,” ती म्हणाली होती, “चार पाहुणे बसवले तरी नाही. पण घराघरात पोचवलं का ते तुझं घर राहत नाही, ते वाटप झालं. सीडी विकत घेतली म्हणजे सीडी आपली झाली, सिनेमा वाटायचा हक्क नाही आपला झाला. पैसे नाही घेतले त शिक्षा कमी होऊ शकते. गुन्हा नाही पुसल्या जात.” मग तिनं वकिलाचा प्रश्न विचारला : “इंटरनेट कोणाच्या नावावर आहे?” माझ्याच, नंदिनी म्हणाली होती. “पहिल्यापासून?” हो, पहिल्यापासून. शामलानं नुसतं चष्म्यावरून पाहिलं होतं आणि बंद करून टाक म्हणून सांगितलं होतं. बंद करते, नंदिनी म्हणाली होती, आणि घरी येऊन कूलरमध्ये पाणी भरलं होतं.

तो प्रश्न आत्ता, दारात उभं असताना, पुन्हा आला आणि या खेपेला सरळ आत शिरला. घराचा भाडेकरार अंकुशच्या नावावर, वीज त्याच्या, गॅस त्याच्या, गाडीसुद्धा त्याच्या. फक्त इंटरनेट तिच्या नावावर. कनेक्शन घेताना तो काय म्हणाला होता? राहू दे गा तुझ्या नावावर, तुझं बी काहीतरी पायजे ना घरात. ती तेव्हा खूश झाली होती. खरोखर खूश झाली होती, आधार कार्डाच्या झेरॉक्सवर तिनं वळणदार सही केली होती. सरकारी नोकर होता तो. नियम, परिपत्रकं, कलमं यांतच त्याचा दिवस जायचा. त्याला माहीत होतं. मोफत दाखवतो, मित्र आहेत, यात वाईट काय, हे सगळं म्हणणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे कधी अंगाशी आलं तर नोकरी जाईल, म्हणून अंग बायकोचं ठेवावं. नंदिनी भिंतीला टेकली. भिंत तापलेली होती. वीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिच्यावर हात उचलला नव्हता, शिवी दिली नव्हती, दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. सगळे म्हणायचे, नशीब काढलं पोरीनं. आणि इतकी साधी, इतकी बारीक लबाडी त्यानं तिच्या सहीखाली ठेवून दिली होती, आणि वर दानशूर होऊन चौकात हसत होता, शेजारी तिचा बिनमुंडक्याचा खांदा घेऊन. त्या फोटोतसुद्धा ती त्याच्या कामापुरतीच उरली होती.

स्वयंपाकघरातून तिनं खलबत्त्यातला बत्ता आणला. सकाळपासून ती त्या भिंतीशीच बसून होती, आता पावणेतीन झाले होते. खोक्याच्या आणि कूलरच्या वायरी ओढल्या, सगळं घुमायचं थांबलं, आणि त्या शांततेनं ती क्षणभर दचकली, पण थांबली नाही. खोकं उघडायला तिला येत होतं. उन्हाळ्यात अंकुश आतली धूळ काढायचा तेव्हा स्क्रू तीच वाटीत धरून बसायची. चार डिस्का खणांतून सुटल्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, पट्टीवर अंकुशचं टपोरं कारकुनी अक्षर. हिंदी. इंग्रजी. मराठी व मालिका. पहिल्या घावाला नुसता पोचा पडला. तिनं दात आवळले आणि पुन्हा मारलं, झाकण वाकलं, आतून आरशासारखी चकती निघाली, तीही फुटली. त्रेसष्ट घरं, ती मनात म्हणाली, आणि मारलं. तारच लांबली, आणि मारलं. तुझं बी काहीतरी पायजे ना घरात. घामानं बत्ता हातातून निसटत होता, खांदा भरून आला होता, आणि तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

चौथ्या डिस्कवरच्या पट्टीवर लिहिलं होतं : छप्पन, पारशिवनी. तिचा हात थांबला. त्यात सिनेमे नव्हते, हे तिला माहीत होतं. सासरे, दादाजी, वारले त्यानंतर अंकुशला एकदम सुचलं होतं की छप्पन साली दीक्षेला नागपुरात आलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली, ती गेली की ऐकायला कुणी नाही. मग दोन वर्षं दर रविवारी दोघं पारशिवनी आणि भोवतालच्या खेड्यांत जात. अंकुश ओट्यावर मोबाईल टेकवून म्हाताऱ्यांसमोर बसायचा आणि ती उन्हाची छत्री धरून बाजूला उभी राहायची. बाकी जन्मात तो इतका शांत कधी बसला नसेल. एक धोंडबा म्हणून होता. तेव्हा सहा वर्षांचा, बापाच्या खांद्यावर बसून आलेला. तो म्हणाला होता, मले बाबासाहेब नाही दिसले बाप्पा, खोटं काहून बोलू, मले पांढरे कपडे दिसले चोहीकडं आन् माह्या बापाचे कान. कान धरून बसलो होतो ना मी पडू नाही म्हणून. गरम होते ते कान, तेवढं आठवते. तीन तास बोलल्यावर त्यानं अंकुशला नव्हे, छत्री धरणाऱ्या नंदिनीला म्हटलं होतं, जपून ठेवजा वं पोरी, मी आजवर माह्या पोरायलेबी नाही सांगितलं. ते त्यानं आपल्या हातानं दिलेलं होतं. या सबंध खोक्यात कुणी आपणहून दिलेलं असं तेवढंच होतं. दुसरीकडे कुठे त्याची नक्कल नव्हती. नक्कल करायची राहिलीय, असं अंकुश दर महिन्याला म्हणायचा. नंदिनीनं डिस्क उचलून बाजूला ठेवली. मग पोलीस येऊन बसलाय आणि म्हणतोय, ही एक कशी काय उरली, हिच्यात काय आहे, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं. कोर्ट काय पट्ट्या वाचून शिक्षा देतं? फोन पुन्हा थरथरत होता, अनोळखी नंबर. पट्टी दिसू नये म्हणून तिनं डिस्क पालथी केली आणि बत्ता उचलला.

दाराची कडी वाजली तेव्हा साडेतीनसुद्धा झाले नव्हते. पोलीस कधी वेळेवर येत नाहीत म्हणतात, हा अर्धा तास आधी आला होता. नंदिनीनं सगळे तुकडे दुपट्ट्यात गोळा केले, रिकाम्या खोक्यावर कपाटाचं दार लावलं, खोलीभर नजर फिरवली, आणि दुसरं काही न सुचून कूलरची बाजूची जाळी सरकवून सगळं टाकीतल्या पाण्यात सोडून दिलं. बत्ता तिनं धुऊन जागेवर ठेवला. दार उघडलं तर पस्तिशीचा एक शिपाई, डोक्यावर ओला रुमाल, तोंड लालबुंद, काखेत फाईल. मेश्राम, त्यानं नाव सांगितलं. पाण्याचा तांब्या त्यानं एका दमात संपवला.

“कूलर नाही का ताई? सकाळपासून आठ घरं झाले. माणूस सुकून गेला.”

“आहे. आतल्या खोलीत.”

“चाकं आहेत ना त्याले? थांबा, तुम्ही नका ओढू,” म्हणून तो उठलाच, आणि तिला काही बोलायला सुचायच्या आत कूलर गडगडत बाहेरच्या खोलीत घेऊन आला. प्लग लावला. पंखा फिरला, वाळा भिजू लागला, आणि या घराच्या बाहेरच्या खोलीत कितीतरी उन्हाळ्यांनी गार हवा आली. मेश्रामनं डोळे मिटून ती दोन मिनिटं अंगावर घेतली. मग फाईल उघडली. नाव, वय, शिक्षण, इथं किती वर्षांपासून. कोणती केस, तक्रार, अटक? नाही. उत्तर देताना तिची नजर पुन्हा पुन्हा कूलरच्या खालच्या पत्र्याकडे जात होती. त्यानं लिहिलेलं तिला उलट्या बाजूनं वाचता येत होतं : आक्षेपार्ह काही आढळून आले नाही. त्याखाली त्यानं सही केली, तिची घेतली, कागद फाईलमध्ये सरकवला. झालं होतं. इतकं सोपं होतं ते.

“चौकात बॅनर पाहिला मी,” मेश्राम म्हणाला.

“ते मित्रांनी लावलं,” ती इतक्या घाईनं म्हणाली की शब्द एकमेकांवर आदळले. “मले विचारलंही नाही. मशीन नाही आता. विकून टाकली.”

“विकली?” तो पेनाचं टोपण लावता लावता थांबला. “कवा?”

“झाले तीन-चार महिने.”

“त्यातलं सगळंच गेलं मग.” त्यानं फाईल मांडीवर ठेवली. “आमची माय पारशिवनीकडची आहे ताई. तुमचे मिस्टर यायचे ना तिकडं, म्हाताऱ्यायचे व्हिडिओ काढायले? माहा आजा होता त्याच्यात. धोंडबा. आम्हाले कधी काही सांगितलं नाही त्यानं, आन् आम्हीबी नाही विचारलं. तुमच्या मिस्टरजवळ मात्र तीन घंटे बोलला म्हणे. मागच्या थंडीत गेला. आधार कार्डावरचा फोटो तेवढा आहे घरी, त्याच्यात थो ओळखूबी येत नाही. बॅनर पाहिला त म्हटलं, ड्यूटीचं काम झालं का विचारू. मायले दाखवाचं होतं एकदा. सिनेमे-बिनेमे नाही पायजे आपल्याले.”

सकाळपासून ज्याला नंदिनी भीत होती तो माणूस हा असा समोर बसला होता, ओल्या रुमालाचा, आणि त्याच्या मनात हे होतं. तेवढ्यात कूलरमधून घरघर ऐकू आली. पाणी वर चढायचं थांबलं, हवा कोमट झाली.

“पंपात काही फसलं,” मेश्राम म्हणाला. नागपुरात प्रत्येक माणूस अर्धा कूलरवाला असतो. तो बाही वर करून उठलादेखील.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मी करते.”

“करंट लागन तुम्हाले, बसा.” त्यानं प्लग काढला, जाळी सरकवली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. आधी चकतीचा एक चमकता तुकडा निघाला. मग दुसरा. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ठेचलेली, वाकलेली एक पत्र्याची चौकट बाहेर काढली, उलटी केली, आणि शर्टाला पुसून पट्टीवरची अक्षरं वाचली. शाई पक्की होती, पाण्यानं काही पुसलं नव्हतं. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, भंगार आहे जुनं. तेही शब्द तिच्या तोंडाशी आले होते. खुर्चीवर फाईल होती, फाईलमध्ये तिची नोकरी होती.

“हे काय हो ताई?” मेश्रामनं विचारलं. त्याचा आवाज अजून साधाच होता.

“हेच ते,” नंदिनी म्हणाली. “यात तुमचा आजा होता. दुपारी मीच फोडलं, तुम्ही यायच्या आधी. बापाचे कान धरून आला होता तो. ते कान गरम होते, म्हणे.”

तो ती चौकट हातात धरून उभा राहिला. तिच्यातलं पाणी ठिबकून फरशीवर ओघळत होतं. नंदिनी उठली, तिनं कूलरचा प्लग पुन्हा लावला. अडकलेलं निघाल्यामुळे पंप नीट चालू झाला आणि गार हवा दोघांच्याही अंगावर येऊ लागली.